पिंपातली पहाट

१

रंगीत तालमीत तिसऱ्या अंकाला पहाट व्हायची होती, ती झालीच नाही.

नायक खिडकीशी उभा राहून "बघ, उजाडलं!" म्हणाला आणि रंगमंचावर मिट्ट काळोख. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. वरच्या मोठ्या दिव्याची तार जेमतेम लाल झाली, विझत्या निखाऱ्याएवढी, आणि तिथेच अडकली. तिसऱ्यांदा तो "उजाडलं" म्हणाला तेव्हा अंधारात कोणीतरी फिसकन हसलं. ती मी होते, उगाच कशाला लपवू?

मी या नाटक मंडळीची कपडेवाली. सगळ्यांचे कपडे शिवते, धुते, आणि नटांची पोटं सुटली की गुपचूप उसवून मोठे करते. त्यामुळे मला सगळ्यांची मापं ठाऊक आहेत, सगळ्याच अर्थांनी.

आमचे बाकीचे दिवे खटक्यावर चालतात. पहाट मात्र दिवेकाकांच्या पिंपावर होते. विंगेत एक जाड चिनी मातीचं पिंप आहे, भोवती लाकडी कठडा. त्यात मिठाचं पाणी. तळाशी एक धातूची ताटली, आणि दुसरी ताटली दोराला बांधून वर टांगलेली. दिव्याची वीज या पाण्यातून जाते. काका दोर हळूहळू सोडतात, वरची ताटली खाली उतरते, दोन ताटल्यांमधलं अंतर कमी होतं आणि दिवा लालचा तांबूस, तांबूसचा पिवळा होत जातो. अशी पहाट खटका दाबून होत नाही. चाळीस वर्षं काका ती करतायत, आणि लोक ती बघायला पुन्हा तिकिटं काढतात.

"काका!" मालक पुढच्या रांगेतून कडाडले. आमचे मालकच दिग्दर्शक, मालकच व्यवस्थापक, आणि राग आला की मालकच वादळ. "उद्या पहिला प्रयोग आहे! मीठ घातलंत का?"

"घातलं की. दोन मापं. माझ्या हाताने."

"मग पहाट कुठे गेली?"

काकांनी आधी विजेचा मुख्य खटका पाडला, मग पिंपात वाकून पाहिलं. पाणी नितळ. ताटल्या जागच्या जागी. तारा घट्ट. त्यांनी डोकं खाजवलं.

मालकांचा मूड तोवर झकास होता, हेही सांगायला हवं. दुसऱ्या अंकात नवरा-बायकोचं भांडण आहे. ती म्हणते, तुला कशाचीच चव नाही. तो चिडून मूठभर मीठ तोंडात कोंबतो. आजवर आमचा नायक ते मीठ असं खायचा जसं काही पेढा मिळालाय. आज मात्र त्याचे डोळे पांढरे झाले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, नाकातून पाणी आलं. मालक उठून टाळ्या वाजवायला लागले. "याला म्हणतात अभिनय! महिनाभर बोंबलतोय मी, आज खरं वाटलं!"

नायक पाणावल्या डोळ्यांनी वाकून नमस्कार करून आत पळाला होता.

आणि मालकांना परवापासून शिस्तीचाही झटका आलेला होता. पडद्यामागच्या फळीवरचे फुटके डबे, पुड्या, पिशव्या सगळं फेकून त्यांनी एकसारख्या बारा बरण्या आणल्या. काल संध्याकाळी एकटे बसले, याद्या समोर ठेवून एकेक वस्तू ओतली, आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. माझा धुण्याचा सोडा, डिंक, पावडर. एका बरणीवर तर ठळक 'विष' लिहिलेलं, आत लिंबू सरबताची पूड. मालकांना त्या फळीचा इतका अभिमान की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

"वय झालं तुमचं, काका," ते आता आवाज खाली आणून म्हणाले, आणि ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं. "विसरलात. होतं असं. पाच वाजता माझा भाचा त्याचा तो दिवे मंद-प्रखर करणारा नवा डबा बसवेल. तुम्ही आता आराम करा."

२

माझ्या सासूबाई तेव्हा माझ्या खोलीत बटणं लावत बसल्या होत्या. तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, आणि घरात बसून माझ्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा इथे येऊन बटणं वाकडी लावतात. मी संध्याकाळी उसवून सरळ लावते. आमचं उत्तम चाललंय.

"आई, चला," मी म्हटलं. "काकांना काढतायत."

काका पिंपाशेजारी खोक्यावर बसले होते. हात मांडीवर, नजर जमिनीवर.

"वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो," ते सासूबाईंना म्हणाले. "नोकरीचं एवढं नाही. पण थोरल्या दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी दुधाचे पैसे दिले की नाही ते आठवेना. मग घराचा रस्ता. शेवटी मला 'आपण कोण' म्हणायचा. मला स्वच्छ आठवतंय, दोन मापं टाकली. पण दादालाही सगळं स्वच्छच आठवायचं हो."

मी डोळे पुसले. सासूबाईंनी मात्र पदर खोचला.

"रडारड नंतर. पिंप ओतलं नाही ना कुणी? छान. कुणी हात लावायचा नाही."

मागोमाग मालक आलेच. "बाई, त्यात शोधायचं काय? मीठ नाही म्हणून दिवा नाही. किंवा तुमच्या सूनबाईंचा सोडा पडला असेल."

"माझा सोडा?" मी उसळले. "माझा सोडा माझ्या बरणीत आहे, तुमच्याच चिठ्ठीखाली!"

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "सोडा पडला असता तर दिवा अजून झगझगला असता. पाण्यात गेला की सोड्याच्या प्रत्येक घटकाचे तीन तुकडे होतात, मिठाचे दोन. विजेला तुकडेच लागतात. सोडा सुटला."

मला उगाच निर्दोष सुटल्यासारखं वाटलं, सोड्याच्या वतीने.

मी पिंपात बोट घालून चव घेणार, तोच त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. "अनोळखी द्रावणाची चव घ्यायची नाही! तेहतीस वर्षं हेच ओरडत आले. वास घे, तोही हाताने वारा घालून."

मी वारा घातला. नाकात आंबट झणका गेला, आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हा वास मी ओळखते. घामाचे डाग काढायला मी व्हिनेगर वापरते.

धावत खोलीत गेले. काल उघडलेली भरली बाटली अर्धी झाली होती.

३

"मी नाही!" हे मी इतक्या जोरात म्हटलं की मलाच संशय आला.

"तू नाहीस हे ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू सांडलं असतंस तर दिवसभर त्याचंच पुराण लावलं असतंस. सकाळपासून पडद्यामागे कोण कोण होतं?"

सामानवाल्या ताई, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू सांभाळणाऱ्या आमच्या ताई, तिथेच वाट्या पुसत होत्या. त्यांनी पुसायचं थांबवलं. "मी होते. काका होते. आणि हे भाचेबुवा दहाच्या सुमाराला काहीतरी शर्टाखाली धरून घुटमळत होते. मला वाटलं, प्रेमपत्र असेल."

भाचा मालकांच्या मागे उभा होता. चोवीस वर्षांचा, अंगाने किरकोळ, हातात आपला चकचकीत डबा लेकरासारखा धरलेला. आधी तो लाल झाला, मग पांढरा, आणि मग खाली बघायला लागला.

"बाळ, इकडे ये," सासूबाई म्हणाल्या. शाळेतल्या बाईंचा तो आवाज ऐकून मालकसुद्धा ताठ उभे राहिले.

"ताटल्या गंजाव्यात म्हणून ओतलं," भाचा पुटपुटला. "दोन महिने झाले हा डबा घेऊन फिरतोय. मामा म्हणतात, पिंप बिघडलं तर बघू. ते काही बिघडत नाही. चाळीस वर्षांत एकदा नाही. मग म्हटलं, थोडी मदत करावी."

"गधड्या!" मालक.

"काकांचं नाव घेतील असं वाटलं नव्हतं. पिंपाचं घेतील असं वाटलं होतं."

मी काकांचा हात धरून हलवला. "ऐकलंत? सुटलात! हा होता चोर!" ताईंनी सुस्कारा सोडला. काकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मालक खाकरले, म्हणजे ते माफी मागायच्या बेतात होते.

"घाई नको," सासूबाई म्हणाल्या. "व्हिनेगरने दिवा विझत नाही."

त्यांनी माझ्याकडून तीन छोट्या बॅटऱ्या, वायर आणि राजकन्येच्या मुकुटातला एक बारका दिवा मागून घेतला. तीन पेल्यांत गाळणयंत्राचं शुद्ध पाणी. काका पिंपातही हेच भरतात. नळाच्या पाण्यात रोज वेगळंच काय काय विरघळलेलं असतं, मग पहाटही रोज वेगळी होते, असं त्यांचं म्हणणं. वायरीची दोन टोकं सासूबाईंनी पहिल्या पेल्यात बुडवली. मुकुटातला दिवा ढिम्म.

"शुद्ध पाणी. त्यात वीज वाहून न्यायला जवळजवळ कुणी नाही. आता कँटीनमधलं मीठ टाका."

टाकलं, ढवळलं. दिवा लख्ख.

"मिठात सोडियम आणि क्लोरीन हे दोघे भार घेऊन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाणी मध्ये शिरतं आणि त्यांना सोडवतं. एक धन, एक ऋण, दोघेही मोकळे. यांना म्हणायचं आयन. हेच हमाल, हेच वीज उचलून नेतात. मीठ पाण्यात गेलं की सगळ्याच्या सगळ्या जोड्या फुटतात. आता दुसऱ्या पेल्यात व्हिनेगर."

दिवा लागला, पण असा की डोळ्यांजवळ न्यावा तेव्हा दिसावा.

"व्हिनेगरचं आम्ल लाजरं. शंभरातली एखाददुसरीच जोडी फुटते, बाकीच्या तशाच राहतात. म्हणून मिणमिण. आज वर तार लाल झाली होती ना? ती या पोराची कृपा. त्याने व्हिनेगर घातलं नसतं तर तेवढीही झाली नसती. आता मिठाच्या पेल्यात व्हिनेगर ओता."

दिवा तसाच लख्ख.

"बघितलंत? मीठ असतं तर व्हिनेगरने काही बिघडलं नसतं. दिवा पेटलाच असता." आणि मग आपण काय बोलून बसलो हे त्यांच्याही लक्षात आलं.

काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कोरडा होता.

"म्हणजे वहिनी, मीठ नव्हतंच. म्हणजे मी टाकलंच नाही."

४

मला तेव्हा सासूबाईंचा असा राग आला की काय सांगू. आमचं बरं चाललं होतं! भाचा कबूल झाला होता, मालक खाकरले होते. कुणी मागितलं होतं ते तीन पेल्यांचं पुराण? पण त्यांना खरं सोडून दुसरं काही बोलताच येत नाही. माझ्या फोडणीबद्दलही तसंच.

काका टोपी शोधत होते. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. ते लक्षात आल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवलं.

"तिसरा पेला राहिलाय," सासूबाई म्हणाल्या. "काका, जायचं नाही. मी म्हटलं मीठ नव्हतं. काहीच नव्हतं असं म्हटलेलं नाही."

त्यांनी पिंपातलं वाटीभर पाणी एका पातेलीत घेतलं आणि कँटीनच्या शेगडीवर ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे, एरवी चहाला जमतो तसे. आधी व्हिनेगरचा आंबट वास सुटला, डोळे चुरचुरले. मग तो गेला. पाणी आटत आटत तळाला आलं. तळाशी पांढरं काही उरेल म्हणून मी वाकून बघत होते. पांढरं काही उरलंच नाही. घट्ट, चिकट पाक झाला, बुडबुडे आले, सोनेरी झाला, मग तपकिरी, आणि सगळ्या कँटीनमध्ये गोड जळका वास पसरला.

"साखर!" भाचा ओरडला.

"साखर," सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या पेल्यात त्यांनी चमचाभर साखर ढवळली, वायरी बुडवल्या. मुकुटातला दिवा ढिम्म. "साखर विरघळते, दिसेनाशी होते, मिठासारखीच. पण तिचा रेणू अख्खाच्या अख्खा पाण्यात फिरतो. फुटत नाही, भार नाही, आयन नाही. कितीही घाला, वीज जागची हलणार नाही. काकांनी टाकायचं ते टाकलंच. दोन मापं. फक्त ते मीठ नव्हतं."

"पण मी माझ्या मिठाच्याच बरणीतून घेतलं," काका म्हणाले. "चिठ्ठी वाचून घेतलं. चष्मा लावून."

"कोणत्या बरणीतून?"

"वरच्या फळीवर, डावीकडची."

"डावीकडची? म्हणजे उजवीकडेही एक आहे?"

सगळी वरात फळीपाशी गेली. मालकांच्या सुबक ओळीत शेजारी शेजारी दोन बरण्या होत्या. दोन्हींवर त्याच टपोऱ्या अक्षरात 'मीठ'. दोन्हींत पांढरे बारीक दाणे. पडद्यामागच्या त्या मंद उजेडात तर साक्षात साखर कारखान्याचा मालकही फसला असता.

"आता मला नायक हवाय," सासूबाई म्हणाल्या.

नायक मेकअपच्या खोलीत तांब्याने पाणी पीत होता. हा चौथा तांब्या, असं ताई म्हणाल्या.

"खरं सांग," सासूबाई म्हणाल्या. "आज दुसऱ्या अंकात तू अभिनय केलास का?"

त्याने मालकांकडे पाहिलं. मग तांब्याकडे. उमदा माणूस आहे, पण कौतुकाचा भुकेला.

"बाई, मूठभर मीठ होतं हो ते! खरं मीठ! जीभ अजून जळतेय. मला वाटलं, मालकांनी मुद्दाम ठेवलं असेल, खरं वाटावं म्हणून. आणि मग ते टाळ्या वाजवायला लागले. महिनाभरात पहिल्यांदा. आता टाळ्या वाजवणाऱ्याला कसं सांगू, की हा अभिनय नव्हता?"

"रोज काय खातोस?"

"साखर. रोज साखरच असते. ताई ठेवतात."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. मी यादीत काय लिहिलंय? 'अंक दुसरा: मीठ, एक वाटी.' आमच्या यादीत प्रेक्षकाने काय समजायचं तेच लिहायचं असतं. 'विष' लिहिलं की सरबत समजायचं, 'रक्त' लिहिलं की लाल रंग. जन्मभर तशीच यादी लिहितोय आम्ही. साखरेची पिशवी मी ओळखायचे ती तिच्या फाटक्या कानावरून. आज सकाळी आले तर पिशवी गायब आणि फळीवर बरण्या! 'मीठ' वाचलं, माझंच समजून उजवीकडची उचलली."

सगळे सावकाश मालकांकडे वळले.

५

मालकांनी आधी छताकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. अक्षर त्यांचंच होतं, आणि त्यांच्यासारखं अक्षर आमच्यात कुणालाही काढता येत नाही.

"यादीत मीठ होतं," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मी ताईंची पिशवी ओतली, यादी पाहिली, 'मीठ' लिहिलं. काकांचा डबा ओतला, 'मीठ' लिहिलं."

"चाटून बघायचंत," मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण सोड्याचा राग होता.

"चाटलं नाहीत ते चांगलंच केलंत," सासूबाई म्हणाल्या. "पण ज्याची वस्तू, त्याला विचारायचंत. डोळ्याला मीठ आणि साखर सारखीच. पाण्यात टाकल्यावरही सारखीच. फरक कुणाला कळतो? जिभेला आणि विजेला. जिभेला आज टाळ्या मिळाल्या म्हणून ती गप्प बसली, आणि वीज खरं बोलली तर तुम्ही काकांना म्हातारं ठरवलंत."

मालकांनी हात जोडले. नाटकातले नाहीत, खरे. "काका, चुकलो. वय माझं झालंय. पिंप तुमचं, पहाट तुमची, तुम्ही म्हणाल तोवर." मग ते भाच्याकडे वळले आणि त्यांच्यातलं वादळ परतलं. "आणि तू! आधी ते पिंप घासून धुवायचंस. ताटल्यांसकट!"

"धुतो," भाचा म्हणाला. बाह्या सारता सारता त्याने काकांना हळूच विचारलं, "काका, दोर किती वेगाने सोडता? माझ्या डब्यात तो लाल रंग नीट येत नाही."

"आधी धू," काका म्हणाले. "मग बस इथे. बघून कळेल."

चार वाजता पहाट पुन्हा करून बघितली. ताजं पाणी, योग्य बरणीतली दोन मापं. मापं काकांनी मोठ्याने मोजली, "एक", "दोन", आणि प्रत्येक वेळी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी प्रत्येक वेळी मान हलवली. खटका वर झाला, दोर सुटायला लागला. तार लाल झाली, तांबूस झाली, मग खिडकीतून तो पिवळा उजेड नायकाच्या चेहऱ्यावर चढत गेला, आणि तो "बघ, उजाडलं" म्हणायचंच विसरला. कुणी ओरडलं नाही. मी पुन्हा आवाज काढला, पण या वेळी हसण्याचा नव्हता.

सगळे पांगल्यावर मी विंगेतून सासूबाईंची पिशवी घ्यायला गेले. काका पाठमोरे, खोक्यावर बसून फोनवर काकूंशी बोलत होते. मी थबकले. चोरून ऐकू नये हे मला कळतं. तरी ऐकलं.

"अगं, मघाशी तुला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली ना, ती रद्द कर. हो, ते डोक्याचे डॉक्टर. तुला सांगितलं नव्हतं, कशासाठी ते... दादाचं झालं तसं वाटलं मला. नाही, नाही. ऐक तर. रडू नकोस."

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. काका ऐकत होते, टोपी काढून हातात धरली होती.

"काही झालेलं नाही मला," ते म्हणाले. "मीच टाकली होती, दोन मापं. मला आठवत होतं ते बरोबर होतं गं. मला सगळं आठवतंय."